फाटणारा आवाज : झाडीपट्टीच्या रंगमंचावरील एका डीएक्स-७ चे प्रकरण

देसाईगंज, म्हणजे ज्याला सारे वडसा म्हणतात, त्या परिसरातील नाटकांना साथ करणाऱ्या एका ऑर्गन मास्तरांचे यामाहा डीएक्स-७ हे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाद्य माझ्याकडे दुरुस्तीला आले, तेव्हा त्यांची तक्रार थोडक्यात होती. "घरी मस्त वाजते जी. नाटकात लावणी लागली का फाटून राह्यते." वाद्य त्याआधी इतरत्र दाखवून झाले होते, टेबलावर ते स्वच्छ वाजल्यामुळे दोष मिक्सरचा किंवा साउंडवाल्यांचा ठरवला गेला होता, आणि साउंडवाल्यांनी तो पुन्हा वाद्याच्या माथी मारला होता. माझ्या टेबलावरही ते स्वच्छच वाजले. मास्तरांच्या वाक्यात मात्र दोन गोष्टी होत्या, जागा आणि प्रसंग, आणि पुढे त्या दोन्ही कामी आल्या.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात, म्हणजेच झाडीपट्टीत, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) अशा निमित्तांनी गावोगावी मंडप पडतात, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. मंडपाला वीज मिळते ती गावातल्या डीपीवरून, पुष्कळदा लांबच लांब वायर ओढून, आणि त्याच एका वायरवर स्टेजचे हॅलोजन, अॅम्प्लिफायर, पंखे आणि वाद्ये असा सगळा संसार चालतो. हे वाद्य १९८३ साली बाजारात आलेल्या मूळ पिढीतले, म्हणजे चाळिशीच्या घरातले. मुंबईच्या एका ऑर्केस्ट्राकडून नागपूरमार्गे ते मास्तरांकडे आले होते. मागच्या पट्टीवर २२० ते २४० व्होल्ट असे छापलेले असल्याची खात्री मी प्रथम करून घेतली, कारण जपानी बाजारासाठीची १०० व्होल्टवर चालणारी जुनी वाद्येही हातोहात फिरत असतात आणि तसे असते तर तपासाची दिशाच वेगळी झाली असती.

आवाजातला खरखरीतपणा कोणाचा

डीएक्स-७ च्या बाबतीत 'आवाज फाटतो' ही तक्रार इतर वाद्यांपेक्षा जास्त जपून ऐकावी लागते. या वाद्यात नाद तयार होतो तोच मुळी तरंग विकृत करून. एका साइन तरंगाने दुसऱ्या साइन तरंगाची वारंवारता वेगाने हलवली की मूळ सुराच्या आजूबाजूला नवे उपस्वर उगवतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांच्या १९६७ साली हे लक्षात आले, १९७३ साली त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला, आणि विद्यापीठाकडून परवाना घेऊन यामाहाने त्यावर आपली वाद्ये उभी केली. डीएक्स-७ मध्ये प्रत्येक स्वरासाठी असे सहा तरंगजनक असतात, त्यांना ऑपरेटर म्हणतात. कोणाचा आवाज थेट ऐकू यायचा आणि कोणी कोणाला हलवायचे याच्या ३२ ठरावीक मांडण्या आहेत. हलवणाऱ्या ऑपरेटरची पातळी ० ते ९९ या अंकांत मोजली जाते, आणि प्रत्येक मांडणीत एका ठिकाणी फीडबॅक असतो, त्याची पातळी ० ते ७. पातळी चढवत गेलो की मऊ बासरी आधी पितळी होते, मग कर्कश होते, आणि शेवटी नुसता खरखराट उरतो, आणि हे सारे होत असताना सर्किटमध्ये काहीही बिघडलेले नसते.

म्हणून या वाद्यावर पहिला प्रश्न असा की, खरखर साठवलेल्या आवाजातच लिहिलेली आहे की तो आवाज बाहेर पडण्याच्या वाटेवर कुठे तरी चिकटली आहे. हा निवाडा होण्याआधी ऑसिलोस्कोप, म्हणजे तरंगाचा आकार दाखवणारे यंत्र, लावून बसलेला माणूस एखाद्या पितळी आवाजाचा दातेरी तरंग पाहून निरोगी आयसी (चिप) उपटून काढू शकतो.

निवाड्याची सोय वाद्यातच आहे. फंक्शन विभागातील व्हॉइस इनिट ही आज्ञा दिली की सहापैकी एकच ऑपरेटर बोलता राहतो, बाकीचे शून्यावर जातात, आणि पट्टी दाबल्यावर निव्वळ साइन तरंग ऐकू येतो. त्यात उपस्वर नसतात, त्यामुळे तो तरंग वेडावाकडा दिसला तर दोष डिजिटल-अॅनालॉग रूपांतर, त्यापुढचे फिल्टर, आउटपुटचे ऑप-अॅम्प (आवाजाचा विद्युत संकेत वाढवणारे भाग) किंवा त्यांना मिळणारी वीज यांपैकी कशात तरी आहे, आणि तो सरळ दिसूनही एखादा विशिष्ट आवाज फाटत असेल तर दोष त्या आवाजाच्या साठवलेल्या अंकांत आहे. इनिट केलेला आवाज संपादनाच्या तात्पुरत्या जागेत बसतो, साठवलेले ३२ आवाज त्याने पुसले जात नाहीत. मास्तरांना हे आधी सांगावे लागले, कारण त्या ३२ मध्ये त्यांनी स्वतः बसवलेले आवाज होते.

टेबलावर, २३५ व्होल्टच्या विजेवर, साइन तरंग अगदी गोल निघाला. सगळे साठवलेले आवाज एकेक करून ऐकले, तेव्हा दोन आवाज मात्र इथेही विचित्र खरखरीत लागले आणि वाद्याच्या पडद्यावर त्यांच्या दहा अक्षरी नावांत अनोळखी चिन्हे शिरलेली दिसली. ते दोन बाजूला ठेवले. मास्तर लावणीत जो आवाज लावत तो या दोहोंपैकी नव्हता, त्यामुळे नाटकातले फाटणे त्यांच्यावर ढकलता येत नव्हते. एकाच तक्रारीत दोन वेगवेगळे आजार असल्याची शंका इथेच आली.

मंडपातील मोजणी

मग कुरखेडा तालुक्यातील एका गावी प्रयोगालाच गेलो. मिक्सरचा संशय प्रथम मिटवायचा होता, म्हणून मास्तरांच्या वाद्याच्या मागच्या बाजूस हेडफोन लावला आणि मिक्सरकडे जाणारी पिन काही वेळ काढून ठेवली. फाटणे हेडफोनमध्येही तसेच होते, तेव्हा केबल, मिक्सर आणि अॅम्प्लिफायर एका झटक्यात सुटले. पुढची खूण आवाजाच्या सरकपट्टीने दिली. ती निम्म्यावर आणली तरी आवाज लहान झाला, फाटणे त्याच प्रमाणात कायम राहिले. म्हणजे तरंग कापला जात होता तो त्या सरकपट्टीच्या आधीच.

फाटण्याचा स्वभावही ऐकण्याजोगा होता. तो वरून चिरकत नव्हता. प्रत्येक लांब सुराखाली एक जाडसर घरघर असे, आणि सूर कोणताही दाबला तरी घरघरीची उंची बदलत नसे. सुराबरोबर न हलणारी घरघर म्हटली की वीजपुरवठ्याकडे पाहावे. आपली वीज ५० हर्ट्झची, एसीची डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरमधून गेल्यावर तिचे हेलकावे सेकंदाला १०० होतात, आणि १०० हर्ट्झचा हा गुरगुराट एकदा कानात बसला की पुन्हा विसरत नाही.

'लावणी लागली की फाटते' याचा अर्थ आतापर्यंत सगळ्यांनी असा लावला होता की, लावणीत मास्तर दोन्ही हातांनी भरगच्च वाजवतात, वाद्य एका वेळी देऊ शकते ते सोळाच्या सोळा स्वर सुरू असतात, म्हणून आउटपुटवर ताण येतो. त्यात तथ्य होते, पण अर्धेच. लावणी सुरू झाली की आणखी एक गोष्ट होत होती : स्टेजवरचे सगळे हॅलोजन पूर्ण उजेडावर जात होते. हे दोन्ही वेगळे करणे सोपे होते. एका शांत प्रवेशात, दोनच बारीक दिवे चालू असताना, मास्तरांना हेडफोनवर हलकेच तीच लावणीची पकड धरायला सांगितली. आवाज जवळपास स्वच्छ होता, कान देऊन ऐकले तरच खाली थोडी घरघर होती. पुढे नाचगाण्यात दिवे चढले तेव्हा त्यांना उलट एकच सूर धरायला लावला, तर तोही घरघरला. पकड भरगच्च असल्याने दोष ठळक होत होता, पण तो दिव्यांच्या मागोमाग येत होता.

वाद्याच्या प्लगपाशी मल्टिमीटरने पडदा उघडण्याआधी २१४ व्होल्ट दाखवले होते. सगळे दिवे लागल्यावर १८४. ३० व्होल्ट जातात कुठे, हा प्रश्न मंडळाच्या एका कार्यकर्त्याने विचारला, आणि त्याचे उत्तर कागदावर मांडून देता येते. डीपीपासून स्टेजपर्यंत सुमारे ८० मीटर वायर, जाऊन-येऊन १६०. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम, म्हणजे इथे जवळपास १.२ ओहम. हजार वॅटचे चार हॅलोजन आणि अॅम्प्लिफायर मिळून २० अँपिअरच्या पुढे ओढ जाते, तेव्हा २४-२५ व्होल्ट त्या तारेतच जिरतात, आणि उरलेली घट सांध्यांतल्या सैल पिळांत व डीपीच्या बाजूला होते. सांधे हाताला गरम लागत होते. ते त्याच रात्री कसून घेतले, पण तो वेगळा विषय झाला.

१८४ व्होल्टवर इतर वाद्ये चालत होती, ऑक्टोपॅडही बिनतक्रार बोलत होता. म्हणजे दोष नुसत्या कमी व्होल्टेजचा नव्हता. हे वाद्य त्या व्होल्टेजला तोंड देऊ शकत नव्हते, आणि एके काळी ते देऊ शकत असणार.

गाव टेबलावर आणणे

कार्यशाळेत वाद्य डिमरस्टॅटवर लावले. व्होल्टेज हवे तसे उतरवता येणारे हे साधन खेड्यांतून आलेल्या दुरुस्तीसाठी ऑसिलोस्कोपइतकेच महत्त्वाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानातली वीज चांगली असते म्हणूनच दुकानात कित्येक दोष सापडत नाहीत. २३५ वरून हळूहळू खाली येत, इनिट केलेल्या साइन तरंगावर अनेक पट्ट्या एकदम दाबून स्कोप पाहत गेलो. २१० च्या आसपास तरंगाच्या खालच्या बाजूला बारीक थरथर दिसू लागली. १८५ वर तरंगाची खालची बाजू ठरावीक अंतराने सपाट कापली जात होती, वरची बाजू मात्र शाबूत होती.

एकाच बाजूने कापलेला तरंग फार बोलका असतो. या वाद्याच्या अॅनालॉग भागाला अधिक १५ आणि उणे १५ असे दोन पुरवठे लागतात, डिजिटल भागाला अधिक ५. ५ व्होल्ट ढासळले असते तर पडद्यावरची अक्षरे बिघडली असती किंवा वाद्य मध्येच नव्याने सुरू झाले असते, तसे काही होत नव्हते. अधिक १५ मोजले, तेही स्थिर. उणे १५ मात्र मल्टिमीटरवर साडेतेराच्या आसपास दाखवत होते, आणि स्कोपवर पाहिले तर सेकंदाला १०० वेळा उणे १० पर्यंत गचके खात होते. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. साडेतेरा हा आकडा पाहून कोणी 'थोडे कमी आहे, चालेल' म्हणाले असते, तर ते समजण्यासारखे होते. गचका स्कोपशिवाय दिसला नसता.

कारण शोधायला आता लांब जावे लागत नव्हते. ट्रान्सफॉर्मरची वीज ब्रिजमधून गेल्यावर फिल्टर कंडेन्सरमध्ये भरली जाते आणि दोन भरण्यांच्या मधल्या वेळात तिथूनच रेग्युलेटरला, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या भागाला, पुरवली जाते. कंडेन्सरची धारणशक्ती घटली की मधल्या वेळात पातळी खोल उतरते. उदाहरणादाखल, २०० मिलिअँपिअरच्या ओढीला २२०० मायक्रोफॅरडचा चांगला कंडेन्सर जेमतेम १ व्होल्टाने उतरतो. तोच वाळून ३०० मायक्रोफॅरडवर आला तर उतार साडेसहा व्होल्टांच्या पुढे जातो. १५ व्होल्टच्या साध्या रेग्युलेटरला आत किमान १७ व्होल्ट लागतात. या वाद्यात २३५ व्होल्टवर आतील शिखर, म्हणजे कंडेन्सर भरतो तेव्हाची कमाल पातळी, २४ व्होल्ट मिळत होते, त्यातून साडेसहा गेले तरी १७ च्या वर काठावर भागत होते, म्हणून घरी आणि दुकानात सगळे आलबेल. १८४ व्होल्टवर तेच शिखर १९ च्याही खाली येते, त्यातून साडेसहा वजा केले की १२ उरतात आणि रेग्युलेटर हात टेकतो. मंडपात दिवे लागल्यावर नेमके हेच होत होते. वीज पूर्ण काढून, कंडेन्सर रोधातून रिकामा करून, एक पाय सुटा केल्यावर मोजमापाने यावर शिक्का मारला : उणे बाजूच्या फिल्टर कंडेन्सरची धारणशक्ती छापील आकड्याच्या सातव्या हिश्श्यावर आली होती आणि अंतर्गत रोध कैक पटींनी वाढला होता.

मग अधिक बाजू का टिकली? तिथला कंडेन्सर वेगळ्या रंगाचा, बराच नवा होता. आधी कधी तरी कोणी तरी तोच एक बदलला होता. बहुधा त्या वेळी तोच आधी गेला असावा, आणि जोडीतला दुसरा 'चालतोय' म्हणून राहू दिला असावा. एकाच दिवशी बसवलेले, एकाच खोक्यात, एकाच उष्णतेत वाढलेले दोन कंडेन्सर, त्यांतला एक गेल्यावर दुसऱ्याची पाळी किती लांब असणार! त्यातून आमच्याकडचा उन्हाळा. ब्रह्मपुरी, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, वाद्य पत्र्याच्या छपराखाली पेटीत पडून असते, आणि अशा कंडेन्सरचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते हा इलेक्ट्रॉनिक्समधला सर्वमान्य हिशेब आहे. मूळ भाग ८५ अंशांच्या प्रतीचे होते. नवे १०५ अंशांच्या प्रतीचे, त्याच धारणशक्तीचे, व्होल्टची मर्यादा मूळच्यापेक्षा कमी नसलेले नागपूरहून मागवले आणि वीजपुरवठ्यातील सगळे फिल्टर कंडेन्सर बदलले, आधीचा तो नवा दिसणाराही.

बोर्डावरचे बाकीचे छोटे कंडेन्सर मात्र बदलले नाहीत. जुने वाद्य उघडले की आतले सगळे कंडेन्सर सरसकट बदलावेत, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. माझा त्याला विरोध आहे. चाळीस वर्षांच्या बोर्डावर तांब्याची पट्टी सोल्डरच्या उष्णतेने सहज उचलली जाते, आणि निरोगी भाग बदलताना तुटलेली पट्टी हा नव्याने विकत घेतलेला दोष असतो. मोजून वाईट निघाले ते बदलावे. उरलेले मोजून त्यांचे आकडे लिहून ठेवावेत.

नवे भाग बसवल्यावर डिमरस्टॅटवर पुन्हा उतरत गेलो. १८४ वर उणे १५ ची रेषा सरळ राहिली, तरंग दोन्ही बाजूंनी गोल. १७५ च्या खाली गेल्यावर दोन्ही बाजू एकदमच थरथरू लागल्या, आणि ते अपेक्षितच आहे, कारण तिथे आतील शिखरच १७ व्होल्टांच्या काठावर येते आणि चांगला कंडेन्सरही ते वर उचलू शकत नाही.

दोन बिघडलेले आवाज

आता ते बाजूला ठेवलेले दोन आवाज. वाद्याची स्मृती वीज बंद असताना एका ३ व्होल्टच्या नाणेवजा बॅटरीवर जगते आणि ती बॅटरी बोर्डावर सोल्डर केलेली असते. ती २.३ व्होल्टवर आली होती. साठवणीतील काही अंक बदलण्याचे कारण तीच असावी, असे नावांतल्या भलत्या चिन्हांवरून मानायला हरकत नव्हती. बॅटरी काढताच सर्व ३२ आवाज जाणार, म्हणून त्याआधी मेमरी प्रोटेक्ट आणि सिस्टिम माहितीची सेटिंग्ज पाहून मिडीच्या, म्हणजे वाद्य संगणकाला जोडण्याच्या, वाटेने सगळी साठवण संगणकात उतरवून घेतली. प्रत्येक आवाज १२८ बाइट, ३२ आवाजांचे ४०९६, आणि मागचे-पुढचे ८ मिळून फाइल बरोबर ४१०४ बाइटांची व्हायला हवी. एवढी झाली तरच पुढे जावे. त्याहून लहान असेल तर बॅटरीला हात लावू नये. नवी बॅटरी सोल्डर न करता तिच्यासाठी खोबण बसवली, म्हणजे पुढच्या वेळी मास्तरांना कोणाकडे जावे लागणार नाही, फक्त आधी साठवण उतरवून घ्यावी लागेल.

बिघडलेल्या दोहोंपैकी एक आवाज कंपनीने दिलेला होता, तो मूळ संचातून परत भरला. दुसरा मास्तरांचा स्वतःचा होता, सनईचा. लग्नाच्या प्रवेशात तोच लागतो आणि तो इतरत्र कुठेही साठवलेला नव्हता. त्याचे अंक एकेक करून पडद्यावर वाचले. बहुतेक पातळ्या समजूतदार होत्या, पण सनईच्या नाकातल्या स्वराला आकार देणारा एक ऑपरेटर ९९ वर आणि फीडबॅक ७ वर जाऊन बसला होता, आणि त्यामुळे पत्र्यावर खडे टाकल्यासारखा आवाज येत होता. हे अंक मास्तरांनी दिले नव्हते, याची त्यांना खात्री होती. मूळ अंक मात्र त्यांना आठवत नव्हते, कारण त्यांनी तो आवाज अंक पाहून बसवलेलाच नव्हता. त्यांनी तो ऐकून बसवला होता.

म्हणून परतही तो ऐकूनच बसवला. फीडबॅक आधी खाली आणला. मग त्या ऑपरेटरची पातळी उतरवत गेलो. वरच्या टप्प्यात ८ अंक उतरले की त्याचा परिणाम साधारण निम्मा होतो, हे ठाऊक असल्यामुळे एकेका अंकाने सरकण्याची गरज नव्हती. ९१ वर खडे गेले, ८३ वर पिपाणी झाली, ७५ वर मास्तर थांबा म्हणाले आणि त्यांनी भूपाच्या दोन ओळी वाजवून पाहिल्या. त्यानंतर ७७ वर आणून त्यांनी तो कायम केला. हा आकडा पूर्वीचाच होता की नाही, हे ठरवण्याचा मार्ग नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. पूर्ण झालेला संच फाइल करून त्यांच्या मुलाच्या मोबाइलमध्ये आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवून दिला.

दुरुस्त न केलेली एक गोष्ट

वाद्य परत देताना मास्तरांनी आणखी एक खोड दाखवली. पियानोचा लांब सूर विरत जाताना शेवटी शेवटी सळसळ ऐकू येते, तीही काढून द्यावी, अशी त्यांची इच्छा होती. ही सळसळ काढता येणार नाही, कारण तो बिघाड नाही. या पिढीच्या डीएक्स-७ मध्ये रूपांतर करणारा आयसी १२ बिटांचा आहे. लहान आवाजांसाठी मापन आवळून-सैल करून त्याच्याकडून त्याहून जास्त पल्ला काढून घेतला आहे, तरी विरत्या सुराच्या टोकाला पायऱ्यांचा खडबडीतपणा जाणवतोच. १९८७ मध्ये आलेल्या पुढच्या पिढीत १६ बिटांचे रूपांतर आले आणि ही सळसळ पुष्कळ कमी झाली. तीच सळसळ आवडते म्हणून जुने वाद्य शोधणारेही लोक आहेत. मास्तरांना हे पटायला वेळ लागला. दोन्हींतला फरक त्यांना डिमरस्टॅटवरच दाखवला : व्होल्टेज कमी-जास्त केले तरी सळसळ हलत नाही आणि ती फक्त सुराच्या शेपटाला असते. याउलट आधीची घरघर व्होल्टेजबरोबर चढत-उतरत होती आणि सुराच्या ऐन भरात जास्त होती. नाटकात सळसळ कोणाला ऐकू येणार नाही, हे त्यांनीच मग हसून मान्य केले.

पुढच्या प्रयोगांसाठी वाद्याची वीज दिव्यांच्या वायरवरून काढून डीपीपासून वेगळ्या वायरने आणावी आणि तिच्यावर छोटा सर्व्हो स्टॅबिलायझर लावावा, असे मंडळाला सुचवले. त्यांच्यापैकी एकाने घरचा जुना इन्व्हर्टर लावण्याची कल्पना मांडली, ती मात्र मोडून काढावी लागली. काही स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी तरंग देतात. मल्टिमीटरवर त्यांचे व्होल्टेज २३० दिसते, पण साइन तरंगाचे शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जाते तसे चौकोनी तरंगाचे जात नाही, ते २३० च्या आसपासच थांबते. या वाद्यातले कंडेन्सर शिखरावर भरतात, सरासरीवर नव्हे. म्हणजे अशा इन्व्हर्टरवर त्याची स्थिती साइन विजेच्या १६३ व्होल्टसारखी होईल, मंडपातल्या सर्वांत वाईट क्षणाहूनही वाईट, आणि नवे कंडेन्सर बसवलेले असूनही आवाज पुन्हा घरघरेल. शुद्ध साइन देणारा इन्व्हर्टर असेल तर अडचण नाही.

वेगळी वायर मंडळाने टाकली, स्टॅबिलायझर अजून घेतलेला नाही. त्यानंतरच्या प्रयोगांत दिवे पूर्ण चढलेले असताना प्लगपाशी २०५ च्या खाली काटा गेल्याचे मास्तरांच्या मुलाच्या नोंदीत नाही, आणि लावणी स्वच्छ वाजते. हंगाम संपल्यावर वाद्य पुन्हा उघडून बोर्डावरच्या छोट्या कंडेन्सरचे आकडे जुन्या नोंदींशी ताडून पाहायचे ठरले आहे. त्यांतले आउटपुटजवळचे दोन आताच छापील आकड्याच्या थोडे खाली होते.